रांजण, मटका आणि सिग्नल

आमच्या टोकावड्यात ‘सिग्नल’ या शब्दाला कालपरवापर्यंत एकच अर्थ होता, मोबाइलची रेंज. गावाला रेल्वे नाही, चौकात लाल-हिरवे दिवे नाहीत. कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजकडे जातो आणि घाट जवळ येईल तशा मोबाइलच्या कोपऱ्यातल्या काड्या एकेक करून गळत जातात. ‘सिग्नल आहे का?’ म्हणजे ‘फोन लागेल का?’ एवढंच.

गेल्या दिवाळीत धाकट्याने हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला. धाकटा म्हणजे माझा चुलतभाऊ, मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. मी इतिहासात एमए केलं आणि तालुक्याला क्लास घेतो, म्हणून घरात मी शिकलेला. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो. तो हळूच म्हणाला, “दादा, तू एवढं वाचतोस, मला एक शोधून दे. फॉरेक्सची खात्रीची सिग्नल सर्व्हिस कुठली?”

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टेलिग्रामवर ग्रुप असतात. तिथे दिवसातून चार-पाच वेळा मेसेज पडतो: युरो-डॉलर घ्या, अमुक भावाला घ्या, तमुक भावाला विका, इतका खाली गेला तर बाहेर पडा. याला सिग्नल म्हणतात. फुकटच्या ग्रुपवर थोडे सिग्नल, पैसे भरून ‘व्हीआयपी’ ग्रुपवर जास्त. सोबत एक लिंक येते, तिच्यावरून परदेशातल्या कुठल्यातरी ॲपवर खातं उघडायचं.

धाकट्याने असं खातं उघडलं होतं. आठ महिन्यांत ६२ हजार रुपये गेले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. त्याच्या मते चूक फॉरेक्सची नव्हती, ग्रुपची होती. “तो फ्रॉड निघाला रे. खरा एक मिळाला ना, तर तीन महिन्यांत वसूल.” मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, “काकीकडे त्या दोन पुतळ्या आहेत. गहाण ठेवल्या तर भांडवल उभं राहील.” काकी म्हणजे माझी आई. तिने त्या द्याव्यात म्हणून मी शब्द टाकावा, असं त्याचं म्हणणं.

मी तिथल्या तिथे नाही म्हणू शकलो असतो. पण मग तो दुसऱ्या कुणाकडे गेला असता. शिवाय त्याचा प्रश्न खरा होता. भाव खरा सांगणारा माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. मी म्हटलं, “शोधतो. पण माझ्या पद्धतीने. रविवारी सुट्टी आहे ना? चल नाणेघाटात.”

घाटातला रांजण

टोकावड्याहून माळशेजच्या दिशेने निघालं की वैशाखरे लागतं आणि तिथून नाणेघाटाची वाट वर चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. म्हणजे आमचा हा सगळा पट्टा जगाच्या व्यापाराच्या हमरस्त्यावर होता. आज तिथे ट्रेकर येतात, रील काढतात आणि वडापाव खाऊन उतरतात.

वर गुहा आहे. आतल्या भिंतीवर सातवाहनांच्या प्रतिमा होत्या, आता नुसते पाय उरलेत. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दान दिले याचा हिशेब त्यात कोरलाय. भारतातले फार जुने कोरीव अंक पाहायचे तर या भिंतीकडे यावं लागतं. एके ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. कार्षापण हे त्या वेळचं चलनी नाणं.

गुहेवरून पुढे खिंडीच्या तोंडाशी तो दगडी रांजण. जकातीचा रांजण म्हणून ओळखला जातो. येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी त्यात नाणी टाकायची. धाकट्याने आत डोकावून पाहिलं. पावसाचं पाणी आणि कुरकुऱ्याचं पाकीट.

“या रांजणाला मालाच्या भावाशी घेणंदेणं होतं का?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“व्यापारी पैठणला पोचून नफ्यात गेला की बुडाला, त्याने रांजणाला काही फरक पडायचा का?”

“नाही. त्याला जकात मिळतच राहणार.”

एवढं लक्षात ठेव म्हटलं आणि पुढची गोष्ट सांगितली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय विकतं, काय घ्यावं, धोका कुठे आहे, असं त्यात नोंदवलंय. भडोचबद्दल तो लिहितो की रोमन सोन्याची आणि चांदीची नाणी तिथे घेऊन जावीत, स्थानिक चलनाशी बदलली तर थोडा फायदा होतो. म्हणजे परकीय चलनाच्या व्यापारावरचा सल्लाच. आपल्या कल्याणबद्दल मात्र तो सावध करतो. पूर्वी हे रीतसर बंदर होतं, आता सत्ता बदलली आहे आणि तिथे चुकून गेलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात.

या सल्ल्याची जात बघण्यासारखी आहे. मी काय पाहिलं, कुठे नफा होतो, कुठे पकडले जाल, हे तो सांगतो. ‘पुढच्या मंगळवारी भाव इतका होईल’ असं कुठेच म्हणत नाही.

सभेत वाचलेला भाव

दोन चलनांमधला नेमका भाव कोरलेला पाहायचा तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जावं लागतं. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. एका लेखात ७०,००० कार्षापणांच्या दानाची नोंद आहे आणि त्यासोबत दरही दिलाय: ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. तो दर आजही दगडात वाचता येतो. त्याच उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण शेकडा दरमहा एक या व्याजाने ठेवले आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा.

मला त्या लेखातली सगळ्यात मोलाची वाटते ती एक छोटी नोंद. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहून ठेवला गेला, असं त्यात म्हटलंय. चारचौघांत आधी बोलायचं, लिहून ठेवायचं आणि मग ते कुणाला पुसता येऊ द्यायचं नाही. सांगणाऱ्याला जबाबदार धरायची ही आपल्याकडची अगदी जुनी पद्धत.

आणि तरीसुद्धा त्या फलकाने पुढचं काही सांगितलं नव्हतं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला एक घबाड सापडलं, नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. एका राजाचं नाणं एका लढाईनंतर दुसऱ्याचं झालं. आजचा भाव प्रामाणिकपणे सांगता येतो. उद्याचा भाव कुणाच्याच फलकावर नसतो.

उतरताना धाकटा म्हणाला, “पण दादा, ते दगडावर कोरायचे. आता सगळं फास्ट आहे.”

बरोबर होतं त्याचं. म्हणून मी त्याला फास्ट झालेल्या काळाकडे नेलं. पण त्याआधी आईच्या पुतळ्यांकडे.

पुतळी आणि बट्टा

पुतळ्यांची माळ मराठी घरांत जुनी. पण पुतळी हे मुळात परदेशी चलन, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. इटलीतल्या व्हेनिस शहराने १२८४ पासून डुकाट नावाचं सोन्याचं नाणं पाडलं. ते साधारण साडेतीन ग्रॅमचं आणि जवळपास शुद्ध सोन्याचं होतं. १७९७ मध्ये नेपोलियनने व्हेनिस संपवलं तोवर पाच शतकं त्यांनी त्याचं वजन आणि कस जवळजवळ बदलला नाही. त्यावर व्हेनिसचा प्रमुख संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला दिसतो. आपल्या लोकांना त्या संताशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांना आकृती दिसली, नाणं झालं पुतळी. खऱ्या डुकाटावरून मग इथल्या सोनारांनी तशाच चकत्या पाडल्या आणि त्या माळेत ओवल्या. आमच्या पुतळ्या अशाच सोनाराकडच्या असणार. आजी म्हणायची, त्यावर लक्ष्मी आहे.

त्या काळी बाजारात एकच रुपया नव्हता. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, सुरती असे कितीतरी रुपये एकाच वेळी फिरत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. एक देऊन दुसरा घेताना जी घट सोसावी लागे तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा नकळत चलनबाजाराचीच भाषा बोलत असतो. ‘खणखणीत नाणं’ही तिथलंच, कारण सराफ नाणं दगडावर आपटून आवाज ऐकायचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकसारखा रुपया आणला आणि हा धंदा हळूहळू आटला.

सराफ काही साधुसंत नव्हता. बट्ट्यातूनच त्याचं पोट भरायचं. पण त्याच्या भावाला एक वजन होतं. त्याने ‘या नाण्याला इतकं’ म्हटलं की त्याच भावाने त्याला स्वतःला ते नाणं घ्यावं लागायचं. भाव चुकला तर खोट त्याच्या पेटीत यायची.

“तुझा तो ग्रुपवाला,” मी धाकट्याला विचारलं, “तुला युरो घ्यायला सांगतो तेव्हा स्वतः घेतो का?”

“स्क्रीनशॉट टाकतो ना.”

“ते डेमो खात्याचे असू शकतात. त्यात खोटे पैसे असतात.”

तो गप्प झाला. डेमो खातं त्याने स्वतःही वापरलं होतं. तिथे तो लखपती होता.

ज्यांच्याकडे खरा सिग्नल होता

आता फास्ट काळ. विजेच्या तारा येण्याआधी फ्रान्समध्ये टेकड्यांवर मनोऱ्यांची रांग होती. प्रत्येक मनोऱ्यावर हलणारे लाकडी हात, त्यांच्या स्थितीवरून सांकेतिक निरोप. हे जाळं फक्त सरकारी कामासाठी होतं. बोर्दो शहरातले फ्रान्स्वा आणि जोसेफ ब्लां हे जुळे भाऊ सरकारी रोख्यांचा सट्टा करायचे. पॅरिसचे भाव बोर्दोला टपालगाडीने दिवसांनी पोचत. १८३४ मध्ये या भावांनी तूर शहरातल्या मनोऱ्यावरच्या कर्मचाऱ्याला लाच दिली. पॅरिसला भाव हलला की त्याने सरकारी निरोपात मुद्दाम एक ठरलेली ‘चूक’ घुसवायची. पुढचे मनोरे ती इमानदारीने पुढे पाठवत. बोर्दोत त्यांचा माणूस ती चूक टिपायचा आणि भाऊ सगळ्यांच्या आधी सौदा करायचे. १८३६ पर्यंत हे चाललं. पकडले गेले, खटला झाला. पण तारेचा असा वापर करू नये असा कायदाच नव्हता, त्यामुळे त्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

हा इतिहासातला खराखुरा, खात्रीचा सिग्नल. आणि त्या दोघांनी तो कुणाला विकला? कुणालाच नाही. चार जणांना सांगितला असता तर भाव लगेच हलला असता आणि सिग्नल निकामी झाला असता. फ्रान्स्वा ब्लां पुढे मोंटे कार्लोच्या प्रसिद्ध कसिनोचा मालक झाला. खात्रीचा पैसा कुठे असतो हे त्याला नीट कळलं होतं. जुगार खेळण्यात तो नसतो, जुगाराच्या घराची मालकी असण्यात असतो.

मुंबईची गोष्ट याच्याच जवळची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. त्याच वर्षी रेल्वे आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातून कसाऱ्यापर्यंत पोचली होती. घाटावरून उतरलेला कापूस तिथून गाडीने मुंबईला जायचा. लिव्हरपूलचा भाव आगबोटीने यायचा आणि जो तो आधी ऐकेल त्याची चांदी. प्रेमचंद रायचंद बंदराबाहेर छोट्या होड्या पाठवून बोट धक्क्याला लागायच्या आत बातमी मिळवायचे, असं सांगतात. तीही बातमी विकायला नव्हती.

पैसा इतका आला की कापसावरून सट्टा शेअरांवर गेला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. मग ९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण आला. बातमी यायला आठवडे लागले, पण आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे हिशेब पुरे करायचे होते, तेव्हा मुंबईतली मोठमोठी घराणी दिवाळखोर निघाली. दिनशा वाच्छांनी या सगळ्यावर १९१० मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. प्रेमचंदही बुडाले. सगळ्यांत आधी बातमी मिळवणारा माणूस, पण उद्याची बातमी त्याच्याकडेही नव्हती. आपल्या आईच्या नावाने त्यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही वेळ सांगतो. ती वेळ मात्र आताची असते.

त्याच काळात एक माणूस बातमी विकूनच मोठा झाला. जर्मनीतल्या आखेनपासून ब्रुसेल्सपर्यंत तारेत खंड होता. १८५० मध्ये ज्युलियस रॉयटरने तेवढ्या टप्प्यात कबुतरं उडवून शेअरचे भाव पोचवले. पुढच्या वर्षी तो लंडनला गेला आणि १८६६ मध्ये रॉयटर्सचं ऑफिस मुंबईत उघडलं. त्याचा माल काय होता ते नीट बघा. ‘पॅरिसला भाव इतका झाला’ एवढंच तो सांगायचा. घ्या की विका, हे गिऱ्हाईकाने ठरवायचं. बातमी खोटी निघाली तर गिऱ्हाईक तुटणार, म्हणून ती खरी असण्यात त्याचा फायदा होता.

आजोबांची वही

यानंतरची गोष्ट मला धाकट्याला सांगावी लागली नाही, कारण ती घरातली आहे.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचे. ज्यांनी आयुष्यात कापसाचं बोंड विकलं नाही असे लोक त्या भावांच्या आकड्यांवर पैज लावू लागले. उघडतानाचा तो ‘ओपन’, मिटतानाचा तो ‘क्लोज’. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून ते भाव येणं बंद झालं. भाव बंद झाला तरी पैज थांबली नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका. आकडा आता मडक्यातल्या चिठ्ठ्यांतून, मग पत्त्यांतून निघू लागला. आमच्याकडे बऱ्याच जणांना अजून वाटतं की ‘कल्याण मटका’ आपल्या कल्याण शहराचा. तो कल्याणजींच्या नावाचा.

या बदलाचा नीट विचार केला की अंगावर काटा येतो. आधी निदान समुद्रापलीकडे कापूस होता, गाठी होत्या, पाऊस होता. मग नुसते आकडे उरले. आणि खेळणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्यासाठी खेळ तोच होता.

आजोबा अंबरनाथला कारखान्यात होते आणि शनिवारी गावी यायचे. त्यांची एक लांबट वही होती. रोजचा ओपन, रोजचा क्लोज, तारखेसह, सुबक अक्षरात. शेजारी लाल शाईने त्यांचे स्वतःचे अंदाज. मंगळवारी सत्ता आला की गुरुवारी दुरी येते, असले नियम. त्या वेळी छापील अंदाजाचे कागद मिळायचे, त्याला सगळे ‘गेसिंग’ म्हणत. आजोबा तेही विकत घ्यायचे. स्टँडवर एक माणूस खात्रीचा आकडा सांगायचा, आकडा लागला तर चहापाणी. दहा जणांना शून्य ते नऊ असे दहा आकडे सांगितले की एकाचा लागणारच. त्या एकाकडून चहापाणी मिळायचं आणि उरलेले नऊ जण आपल्या नशिबाला दोष द्यायचे.

आजीच्या माळेत सात पुतळ्या होत्या. दोन उरल्या. पाच कुठे गेल्या हे घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. माझी आई सून म्हणून आली तेव्हा आजीने त्या दोन तिच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, “या कुणाला दाखवू नको.” कुणाला म्हणजे कुणाला, ते आईला लगेच कळलं.

मी कपाटातून ती वही काढली आणि धाकट्यापुढे ठेवली. त्याने पानं उलटली. मग खिशातून मोबाइल काढला आणि आपली एक्सेल शीट उघडली. तारीख, जोडी, घेतलेला भाव, विकलेला भाव. शेजारच्या रकान्यात त्याचे स्वतःचे नियम, लाल रंगात. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

आजचा फलक

आता त्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर.

सिग्नलवाल्याचं पोट कशावर चालतं? एक, ग्रुपच्या वर्गणीवर. दोन, लिंकवरून उघडलेल्या खात्यातल्या प्रत्येक सौद्यामागे मिळणाऱ्या कमिशनवर, मग तुम्ही जिंका किंवा हरा. तीन, काही ठिकाणी ॲपवाला स्वतःच तुमच्या समोरच्या बाजूला असतो. तुमचा तोटा हाच त्याचा नफा आणि त्यातला वाटा ग्रुपवाल्याला. काही ॲपमधून सौदा कुठल्याच बाजारात जात नाही, पडद्यावर फक्त आलेख हलतो. न्यूयॉर्कचा कापूस बंद होऊन मटका सुरू राहिला, तसंच हे. शिवाय अर्ध्या ग्रुपांना ‘घ्या’ आणि अर्ध्यांना ‘विका’ सांगितलं की अर्धे खूश. स्टँडवरच्या माणसाचीच युक्ती, फक्त मोबाइलवर.

कायदाही स्पष्ट आहे. १९९९ च्या फेमा कायद्याखाली आपल्याला परकीय चलनाचे असे सौदे फक्त रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेल्या ठिकाणी किंवा एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त बाजारात करता येतात. तिथेही मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे खरी गरज असावी लागते, म्हणजे परदेशी येणं-देणं असावं लागतं. नुसता सट्टा चालत नाही. परदेशी ॲपवर पैसे पाठवून खेळणारा स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची यादी काढली तेव्हा त्यात ३४ नावं होती, नंतर ती वाढतच गेली. ती बँकेच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येते. पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ होत नाही, हे बँकेनेच सांगितलंय. शेअरबाजारात सल्ला विकणाऱ्यालाही सेबीची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकतो, त्याने आपलं उत्तर दिलेलं असतं.

आणि रस्ता कायदेशीर असला म्हणून नफा होतो असंही नाही. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ मध्ये सांगितलं की चलन वगैरेंवरच्या अशा कर्जाऊ सौद्यांत सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. आपल्याकडे सेबीने शेअरबाजारातल्या वायदे-ऑप्शनचा हिशेब मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर.

मग खात्रीचं काही नाहीच का? आहे. डॉलरचा, युरोचा संदर्भदर रोज दुपारी जाहीर होतो. प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून काढलेला, सगळ्यांना एकाच वेळी दिसणारा, फुकट. निगमसभेतला तो फलकच. त्यावर फक्त आजचा भाव असतो, म्हणून तो खरा असतो.

हे सगळं धाकट्याने ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाला नाही. पंचविशीच्या आत, बारा तासांची शिफ्ट, पगारात घर होणार नाही हे कळलेलं, अशा माणसाला आकडेवारीने फार फरक पडत नसतो. मलाही ते वय आठवतं. म्हणून मी एक अट घातली. पुतळ्यांचं आईशी बोलेन, पण त्याआधी महिनाभर एकही रुपया न लावता ग्रुपवरचा प्रत्येक सिग्नल, आला त्या मिनिटाला, वहीत पेनाने लिहायचा. मोबाइलमध्ये नाही, कागदावर. आणि ती वही ओट्यावर टांगायची, येताजाता सगळ्यांना दिसेल अशी.

आजोबांच्या वहीत मागची कोरी पानं होती. त्याने तीच घेतली.

पहिला आठवडा संपला तेव्हा वहीत अकरा सिग्नल होते. ग्रुप उघडला तर त्या आठवड्याचे सातच. चार मेसेज उडवलेले. ते चारही चुकलेले होते. उरलेल्या सातांवर ‘हिट’, ‘हिट’, आणि खाली नवीन पोरांचे नमस्काराचे हात. धाकट्याने मोबाइल वहीशेजारी धरून एकेक ओळ ताडून पाहिली. मग म्हणाला, “दादा, मी पण असेच हात टाकायचो.”

महिना पुरा झाला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याने लिहिणं सोडलं. ग्रुप सोडलाय की नुसता म्यूट केलाय, मी विचारलेलं नाही. ६२ हजारांबद्दल त्याने स्वतः चुलत्यांना सांगितलं, दोन दिवस घरात कुणी जेवलं नाही नीट, मग जेवले. आईच्या पुतळ्या डब्यात आहेत. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, तरी तिने डब्याची जागा बदलली आहे.

परवा माळशेजकडून येताना तो गाडीवर मागे बसला होता. वैशाखऱ्याला डोंगरातली ती खाच दिसली तेव्हा म्हणाला, “एक मात्र आहे दादा. तो रांजणवाला निदान रस्ता तरी सांभाळत असेल.”